काचपेटीतली हिरवळ

या सदरात इतकी वर्षं मी मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत आणि कढीपत्ता का रुसलाय, याचीच उत्तरं देत आले. फेब्रुवारीच्या अंकात सहज लिहून गेले की रेडिंगला लेकीकडे असते तेव्हा नातीच्या पालीच्या पेटीतली झाडंही माझ्याच गळ्यात पडतात. झालं! तेव्हापासून टपालात मोगरा कमी आणि सरडे-कासवंच जास्त. संपादक म्हणाले, एकदा सगळी एकत्र घ्या आणि मोकळ्या व्हा. म्हणून या महिन्यात कुंड्यांना सुट्टी.

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा. त्याच्या हट्टापायी चार महिन्यांपूर्वी क्रेस्टेड गेको, म्हणजे एक पाळीव पाल, घेतला. पेटी 45 बाय 45 बाय 60 सेंटिमीटरची, तळाला सध्या किचनपेपर. मुलाला तिथे खरीखुरी हिरवळ हवी आहे. मागच्या अंगणातल्या लॉनचा तुकडा कापून टाकू म्हणतो. दुकानदार म्हणाला, तयार संच घ्या, त्यात किडेही येतात, मग साफसफाई म्हणून करायला नको. किडे विकत घेऊन घरात सोडायचे हे ऐकल्यापासून सासूबाई आमच्याशी मोजकंच बोलतात. काय करावं?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : लॉन कापू नका. तो उद्योग मी करून बसले आहे.

2021 च्या वसंतात नातीच्या लाडूसाठी (लाडू हे तिच्या गेकोचं नाव, वजन 42 ग्रॅम, रंग खमंग भाजलेल्या बेसनाचा, दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं) मी बागसामानाच्या दुकानातून गवताची गुंडाळी आणली. सतरंजीसारखी उलगडायची, मापाने कापायची, अंथरायची. पहिला आठवडा दृष्ट काढावी असा गेला. नातीने वर्गात फोटो दाखवून झाले. दहाव्या दिवशी पाती बुंध्यापाशी पिवळी पडली. पंधराव्या दिवशी खाली पांढरी लव धरली, आणि दार उघडलं की पावसाळाभर ओल्या राहिलेल्या पोत्याचा वास. वर चिलटांचा ढग. जावई काही बोलले नाहीत. नुसते येऊन खिडकी उघडून गेले.

असं का झालं, हे नवरात्रात घट बसवणाऱ्या घरात सांगायची गरज पडू नये. देवघराच्या कोपऱ्यात परडीतल्या मातीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर होतं, पण पिवळंधमक. ते उजेडावर वाढलेलंच नसतं, दाण्यातल्या शिदोरीवर वाढलेलं असतं. शिदोरी संपली की मान टाकणार. आपण त्याआधी घट उठवतो, म्हणून ते बघायची वेळ येत नाही. गुंडाळीतल्या गवताचंही तेच, फक्त त्याची शिदोरी मुळांत आणि बुंध्यात असते. काचपेटीतला उजेड आपल्याला लख्ख वाटतो, गवताला ती तिन्हीसांज. वर गेकोच्या पेटीत रोज पाणी फवारायचं. उन्हाचं झाड सावलीत आणि वरून रोज ओल, मग कुजायला मुहूर्त लागत नाही. यानंतरही माझी खुमखुमी गेली नाही, मी दुर्वा लावून बघितल्या. गणपतीला सोडून दुर्वांनी आजवर माझं काही ऐकलेलं नाही. त्याही गेल्या.

मग मी बुद्धी गहाण ठेवायचं सोडून हा प्राणी मुळात राहतो कुठे ते बघितलं. न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला. ही पाल नामशेष झाली असंच जाणकार धरून चालले होते. 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. आज इंग्लंडात घरोघरी दिसते ती बंदिवासात वाढवलेली पिलावळ. तिचं रान म्हणजे दाट झाडी. तिथे जमिनीवर लॉन नसतं, पाचोळा असतो, आणि पाचोळ्यातून अधूनमधून डोकं काढणारी, सरपटणारी झाडं. तुमच्या मुलाला हिरवागार गालिचा हवा आहे आणि त्याच्या गेकोला हवा आहे पाचोळा. दोघांचं भागवता येतं, पण सुरुवात खालून करावी लागते.

तळाला भाजलेल्या मातीचे हलके गोळे, चार सेंटिमीटर. तुमच्या पेटीला साधारण आठ लिटर लागतील. त्यावर प्लास्टिकची बारीक जाळी, कापताना सगळीकडून बोटभर मोठी ठेवा, नाहीतर कडेने माती खाली उतरते आणि निचऱ्याचा चिखल होतो. त्यावर माती, आठ सेंटिमीटर, म्हणजे सोळा लिटर. माझं माप असं : खत न घातलेली बागेची माती चार वाट्या, कोकोपीट तीन, ऑर्किडसाठी मिळते ती झाडाची साल दोन, जाडी वाळू एक आणि मूठभर लाकडी कोळसा. वाटी म्हणजे अर्थात एक भाग. मूठ वळली की माती गोळा व्हावी आणि बोटाने टोकरली की सुटावी. पिळल्यावर पाणी ठिबकलं तर ती माती नव्हे, आजारपण. काचेतून खालचे गोळे दिसत राहतात, त्यात पाणी किती साचलंय तेही दिसतं. मातीला टेकायला आलं की बारीक नळीने ओढून काढायचं.

झाडांची पहिली अट म्हणजे दुकानातून आणल्या आणल्या पेटीत नाहीत. कुंडीतून काढा, मुळं बादलीभर पाण्यात हलवून धुवा. मातीत पिवळट गोल मणी दिसतील, मोहरीपेक्षा जरा मोठे. ती सावकाश विरघळणारी खतं. पांढरे, थर्माकोलसारखे दिसतात ते पर्लाइटचे दाणे. दोन्ही वेचून काढायचं. मी आणि नात एका रविवारी चिमट्याने वेचत बसलो होतो, तांदूळ निवडावेत तसे. चार कुंड्यांतून वाटीभर निघालं. पानं धुतली तरी मुळांतून चढलेलं कीटकनाशक धुऊन जात नाही. म्हणून स्वच्छ मातीत निदान महिनाभर, जमलं तर दोन महिने, खिडकीत वेगळं ठेवायचं. तेवढ्यात मावा, पिठ्या ढेकूण काय असतील ते तोंड दाखवतात.

कोणती झाडं? तुमचा गेको पानं खात नाही. तो फळांचा तयार भुगा पाण्यात कालवून खातो आणि मिळाला तर किडा. त्यामुळे थोडी मोकळीक आहे. जमिनीवर पसरायला मी भिंतीवर चढणारा छोटा फायकस लावला. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणभिंतींवर चिकटलेला असतो तोच; वड, पिंपळ, उंबराचा सख्खा भाऊबंद, दिसायला मात्र नाजूक. जोडीला पायलिया, पेपरोमिया, फिटोनिया आणि कोपऱ्यात एक स्पायडर प्लांट. हा आपल्या पावसाळ्यातल्या फोडशीच्या भाजीच्या गोतावळ्यातला. त्याच कुळीच्या एका सफेद मुसळीला शास्त्रीय नाव मिळालंय ते आपल्या बोरिवलीवरून. इतक्या लांब येऊन पेटीत बोरिवलीचं गणगोत बघितलं की मला उगाच बरं वाटतं.

सगळा तळ झाडांनी भरू नका. निम्मा पुरे. बाकी अर्ध्यावर ओक किंवा बीचची वाळकी पानं, रस्त्याकडेची नव्हेत, उकळून वाळवलेली. एका कोपऱ्यात सपाट दगड. किडे खाऊ घालायचे ते तिथे, चिमट्याने नाहीतर काचेच्या उभ्या वाडग्यात. रातकिडे मोकळे सोडले तर त्या हिरवळीत गुडूप होतात, अंडी घालतात आणि रात्री झोपमोड करतात ती वेगळीच. उपाशी रातकिडा पालीलाही कुरतडतो.

आता सासूबाई. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असेल तर त्यांना सांगा की हे किडे त्यांनी आयुष्यभर पाळलेलेच आहेत. तुळशीची कुंडी सरकवली की खाली करडे, खवल्याखवल्यांचे, चौदा पायांचे जीव सैरावैरा पळतात, त्यातले काही हात लावताच गोळी होतात, तेच हे. खरं तर किडेही नव्हेत, कोळंबी-खेकड्यांचे नातलग. दुसरे स्प्रिंगटेल, रव्याच्या कणाएवढे पांढरे, पाण्यावर टाकले तर तरंगतात आणि टुणकन उडतात. हे बुरशी खातात, ते विष्ठा, सडकी पानं आणि गेकोची टाकलेली कात खातात. दोघांनाही ओल लागते. कोरड्या दिवाणखान्यात आले तरी तग धरणार नाहीत. संच घेण्यापेक्षा दोन डब्या वेगळ्या घ्या, स्वस्त पडतं. माती आणि झाडं बसली की आधी हे सोडायचे, आणि मग चार ते सहा आठवडे पेटीत गेको नाही, तोवर तो तळाला कागद घातलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळीकडे पांढरी बुरशी चढेल. घाबरून उपसू नका. स्प्रिंगटेलांचं जेवण वाढलेलं आहे, इतकंच समजा. ओसरते.

‘साफसफाईच नको’ हे मात्र दुकानदाराचं बोलणं. काचेवर पडलेली विष्ठा कोण पुसणार? मिल्टन कीन्सचं पाणी जड, फवाऱ्याचे पांढरे डाग आठवड्यात काच आंधळी करतात. व्हिनेगरच्या फडक्याने, तेही गेको बाहेर काढून, पुसावे लागतात. झाडं छाटावी लागतात. पाचोळा दर दोन-तीन महिन्यांनी नवा घालावा लागतो, कारण हे जीव तो फस्त करतात. मी हिशेब ठेवलाय : आठवड्याला वीस मिनिटं. किचनपेपर बदलण्यापेक्षा कमी, पण शून्य नव्हे.

पाणी संध्याकाळी फवारा, दिवसा पेटी सुकू द्या. रात्री दमट आणि दुपारी कोरडी, असा फेरा हवा. सतत ओली राहिली तर त्वचेला जंतू धरतात, सतत कोरडी राहिली तर कात बोटांवर अडकते. झाडांसाठी 6500 केल्विनचा एलईडी दिवा बारा तास. तो गेकोच्या अतिनील दिव्याची जागा घेत नाही, दोन्ही वेगळे. आणि तापमापी वरच्या टोकाला लावा : 22 ते 26 अंश उत्तम, 28 च्या वर गेला की या प्राण्याचा जीव घाबरा होतो. पुण्याहून दोघा-तिघांनी ‘आम्हीही आणावा का’ विचारलं आहे. मे महिन्यात तुमचा पंखासुद्धा गरम वारा मारतो, तिथे हे लाड कशाला?

शेवटचं, पण सगळ्यांत आधी करायचं. या चार महिन्यांत गेकोच्या विष्ठेची तपासणी झाली आहे का? नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडून करून घ्या. पोटात जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असतील तर किचनपेपर फेकता येतो, जिवंत माती फेकता येत नाही. तीच विष्ठा, तीच माती, तोच गेको, पुन्हा लागण. म्हणून नवा प्राणी पहिले काही महिने कागदावरच बरा, तुम्ही ते नकळत बरोबर केलंत. आणि पेटी तयार झाली तरी तो प्लास्टिकचा डबा टाकू नका. गेको आजारी पडला की मुक्काम तिथेच, कागदावर.

प्रश्न : काकू, आमच्याकडे एक रशियन कासव आहे, सहा वर्षांचं. त्याच्या लाकडी खोक्यात मी रोल लॉन अंथरलं. त्याला हिरवळीवर बरं वाटेल, खाईलही. पण ते खातच नाही, उलट कोपरे उकरून गवताखाली जाऊन बसतं. तीन आठवड्यांत गवताची लक्तरं झाली. दुसरं कोणतं गवत लावू?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : कोणतंच नको. तुमचं कासव तुम्हाला उत्तर देऊन बसलंय, तुम्ही त्याच्याशी वाद घालताय.

हे कासव मध्य आशियातल्या गवताळ, कोरड्या पठारांचं, कझाकस्तान-उझबेकिस्तानकडचं. गवताळ प्रदेशातलं असलं तरी ते गवतावर जगत नाही. गवताच्या मधून उगवणारं रुंद पानांचं तण खातं. गवतावर पोसणारी कासवं वेगळी, आपलं तारांकित कासव त्यातलं. शिवाय हे पक्कं बिळातलं जनावर. उन्हाळ्याचा तडाखा आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही ते जमिनीखाली काढतं. चिवट इतकं, की 1968 च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघाने झोंड-5 यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून परत आणली. जिवंत. एवढा प्रवास करून आलेल्यांचा वारस तुमच्या सतरंजीवर कसा रमेल?

आधी ती गुंडाळी काढा आणि तिच्या पालथ्या बाजूला बघा. काही वेळा तिथे प्लास्टिकची बारीक जाळी असते. उकरणाऱ्या कासवाची नखं तिच्यात अडकतात, तुकडे पोटातही जातात. दुसरं, लॉन जगवायला रोज पाणी हवं, आणि रोज ओल्या जमिनीवर बसलेल्या कासवाची खालची ढाल कुजायला लागते, नाक गळायला लागतं. गवत जगलं तर कासव बिघडणार, कासवाला मानवेल तसं कोरडं ठेवलं तर गवत मरणार. हे लग्न जमणारं नाही.

जमीन म्हणून माती आणि वाळू, वीस सेंटिमीटर तरी खोल. वरचा थर कोरडा, खाली हात घातला तर किंचित ओल लागेल अशी. म्हणजे त्याला बीळ करता येईल आणि बीळ ढासळणार नाही. हिरवळ त्यात परातीत आणायची. चार उथळ ट्रे घ्या. डँडेलियन, रानातला अरुंद पानांचा प्लँटेन, थोडं क्लोव्हर यांचं बी पेरा. दोन ट्रे खिडकीत, दोन खोक्यात काठापर्यंत मातीत पुरलेले. आठवड्याने अदलाबदल. खाल्लेले ट्रे खिडकीत जाऊन पुन्हा फुटतात. पाणी ट्रेमध्ये राहतं, जमीन कोरडी राहते. वर्षभर चालतं, आणि कासवाला तुडवायला, खायला, झोपायला हिरवं मिळतं. बी मात्र औषध न लावलेलं घ्या, आणि शेजाऱ्यांच्या लॉनमधून काही उपटून आणू नका. अमेरिकेत ज्या लॉनमध्ये एकही डँडेलियन दिसत नाही, तिथे काय फवारलंय हे वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात सरळ अंगणात कुंपण करून ठेवा. कुंपण जमिनीखाली फूटभर गेलेलं हवं. का, ते तुम्हाला कोपऱ्यातल्या लक्तरांवरून कळलंच आहे.

प्रश्न : आमचा हिरवा इग्वाना साडेतीन फुटांचा आहे. बाल्कनी बंद करून त्याला खोली केली आहे. खाली फरशी गार आणि निसरडी, म्हणून मातीचा थर देऊन मनी प्लांट जमिनीवर पसरवायचा विचार आहे. भरभर वाढतो, पाणीही फार मागत नाही. ठीक आहे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अळू कच्चं चावून बघितलंय कधी? घशात सुया टोचतात, म्हणून तर आपण फदफद्यात चिंच घालतो आणि शिजवून शिजवून त्याचा कंटाळा आणतो. मनी प्लांट त्याच अळूच्या कुळातला. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन हेही तिथलेच. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार सुया भरलेल्या. मघाच्या गेकोसारखा पानांना तोंड न लावणारा प्राणी असता तर मी काही बोलले नसते. इग्वाना जन्माचा शाकाहारी; तुम्ही त्याच्या पायाखाली ताट मांडताय आणि ताटात अळू.

तो पानं खातो म्हणूनच विषारी कण्हेर, बिट्टी, सदाफुली, घाणेरी, रुई ही ठाण्याच्या बाल्कन्यांतली आणि कुंपणांतली नेहमीची मंडळी त्याच्या आसपाससुद्धा नकोत. जास्वंद हवी तेवढी. फूल, पान दोन्ही आवडीने खातो. शेवग्याचा पाला द्या.

पण जमिनीचं म्हणाल तर झाडं सोडाच. हा प्राणी शेपटीसकट पाच-सहा फुटांवर जातो. तुडवणार, खाणार आणि त्याच मातीत विष्ठा करणार, तीही काही किलोंच्या जनावराच्या मापाने. रव्याच्या कणाएवढे स्प्रिंगटेल तिथे काय पुरे पडणार? लहान प्राण्याच्या पेटीतलं शहाणपण मोठ्या प्राण्याच्या खोलीत चालत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. फरशी धुता येणारीच ठेवा. गुळगुळीत टाइल असेल तर वर खडबडीत शहाबादी टाका, नखं धरतात आणि उन्हाने तापूनही राहते. झाडं टांगलेल्या कुंड्यांत, त्याचं तोंड पोहोचेल तिथे जास्वंद, पोहोचणार नाही तिथे शोभेची. मुळात त्याला जमिनीवर करमतच नाही. चढायला जाड फांद्या द्या, मग बघा तो खाली किती वेळा उतरतो. फरशी धुतलेली बादली आणि स्वयंपाकघराचं सिंक यांची भेट होऊ देऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, प्राणी ठणठणीत असला तरी.

आणि न विचारलेलं एक. हिरवा इग्वाना ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत नियम निघाले, तेव्हापासून असे परदेशी प्राणी पाळणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे. विकत घेतल्याची पावती नुसती कपाटात ठेवून भागत नाही. नोंद केली नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन पुढे काय ते विचारा. जास्वंद त्यानंतर लावली तरी चालेल.

प्रश्न : काकू, घरी पूर्वीपासून एक ताऱ्यांचं कासव आहे. आजोबांनी लक्ष्मी म्हणून आणलं होतं. त्याच्यासाठी दुर्वांचा वाफा करायचा आहे. किती जाड माती घालू?
— नाव छापू नये, नाशिक

उत्तर : नाव छापत नाही. मातीचं मापही देत नाही. तारांकित कासव घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आजोबांनी आणलेलं असलं तरी. 2019 मध्ये ते ‘साइट्स’च्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे देशादेशांतल्या व्यापारालाही बंदी, कारण चोरट्या धंद्याने त्याची पार वाताहत केली आहे. लक्ष्मी म्हणून आणलेली ही कासवं बाथरूमच्या बादलीत आणि पलंगाखाली कशी जगतात ते मी सांगलीत चार घरांत बघितलंय. ढाल उंचसखल, नखं वाढून वळलेली.

वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि सरळ सांगा. परस्पर गोदाकाठी किंवा डोंगरात सोडून येऊ नका. इतकी वर्षं घरात राहिलेलं कासव रानातल्या कासवांना काय आजार देईल सांगता येत नाही, आणि सोडाल तो प्रदेश त्याचा असेलच असंही नाही. दुर्वांचा वाफा मात्र जरूर करा, उन्हात. गणपतीला उपयोगी पडेल.

प्रश्न : आंबोलीला गेलो होतो. दगडांवर काय सुंदर हिरवं शेवाळ! एक पोतं भरून आणलं तर माझ्या भाच्याच्या पेटीत जमिनीला चालेल का? विकतचं फार महाग आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाच्याच्या पेटीत कोण राहतं ते तुम्ही कळवलंच नाही, पण कोणीही राहत असलं तरी नको. ते शेवाळ चार महिन्यांचं पाहुणं आहे. आंबोलीत पाऊस कोसळतो तोवर हिरवं, दिवाळीनंतर त्याच दगडावर तपकिरी पापुद्रा, आणि पुढच्या मृगाला पुन्हा जिवंत. तुमच्या भाच्याच्या पेटीत मृग नाही आणि वैशाखही नाही. दिव्याखाली ते पंधरा दिवसांत तपकिरी होईल आणि तुम्ही पुन्हा पोतं घेऊन आंबोलीला. शिवाय त्या मऊ गादीखाली गोगलगायी, गोम, बेडकांची पिल्लं, असा संसार नांदत असतो. पोत्यात तोही येतो. राखीव जंगलातून काहीही खरवडून आणायला मनाई आहे, ते वेगळंच.

पेटीत ओल हवी असेल तर बदामाची वाळलेली पानं घाला. त्या लाल पानांच्या मोठ्या बदामाची. कोल्हापुरात कुठल्याही शाळेच्या मैदानात पोतंभर पडलेली असतात, फुकट. धुऊन, उकळून, उन्हात वाळवून दोन थर द्या. रात्री त्यांवर पाणी फवारलं की वाटीसारख्या वळलेल्या पानांत थेंब साठतात. आमचा लाडू दिवसभर फांदीच्या आड निपचित असतो आणि दिवे मालवले की उतरून पहिलं तेच पाणी चाटतो. पाणी संपलं की स्वतःचे डोळे चाटतो, कारण त्याला पापण्याच नाहीत.